गोरी साखर, सावळी साखर

एक सोपा प्रश्न. साखर कशाची? उसाची. गूळ कशाचा? उसाचा. आणि कोरेगाव पार्कातल्या त्या गारेगार दुकानात, लेमनग्रासच्या वासात, तागाच्या इवल्याशा पिशवीतून मिळणारं ते ‘नॅचरल केन स्वीटनर’? तेही उसाचंच, बरं का! फक्त पहिलीला आपण व्हिलन ठरवलंय, दुसऱ्याला गुणी बाळ, आणि तिसऱ्याचं बिल कार्डानं भरलेलं असतं, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायची आपली हिंमतच होत नाही.

हेल्थ फूड स्टोअर हे आपल्या पिढीचं प्रायश्चित्ताचं ठिकाण आहे. सोमवार ते शुक्रवार डेस्कवर वडापाव, टीमच्या बर्थडेचे केक, रात्री अकराला मागवलेला पिझ्झा. शनिवारी सकाळी मग आपण ट्रॅकपँट घालून तिथे जातो आणि हजार-दीड हजाराची पापं फेडून येतो. पिशवीत काय? मल्टिग्रेन चिप्स, नाचणीच्या कुकीज, गूळ पावडर, एक मधाची बाटली, एक प्रोटीनचा डबा. घरी आल्यावर कसं हलकं हलकं वाटतं! खिसा तर नक्कीच हलका झालेला असतो.

पण आज कोरेगाव पार्क नको. जरा लांब जाऊ. सोलापूर हायवेनं निघा, पाटसला बारामतीकडे वळा. थोडं पुढे गेलात की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. नीरा डावा कालवा १८८५चा. त्याचं पाणी या दुष्काळी पट्ट्यात फिरलं आणि बारामती-इंदापूरचं नशीब गोड झालं. साखर कारखाने नंतर आले. त्याआधी इथे गुऱ्हाळंच होती. मग १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला कारखाना उभा राहिला, पुढे सहकाराची लाट आली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा... दोन तालुक्यांत इतके कारखाने की सीझनला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो नाही असं कधी होतच नाही.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात राहते, म्हणून या रस्त्यानं माझं जाणं-येणं. आणि म्हणूनच त्या दिवशी बारामतीत भिगवण रोडला ते दुकान दिसल्यावर मी गाडी थांबवली. सेम टू सेम पुण्यातल्यासारखं! पांढऱ्या भिंती, हिरवी पाटी, पाटीवर एक पान. (हेल्थच्या प्रत्येक पाटीवर एक पान असतंच. कुठल्या झाडाचं ते विचारू नका.) आत एका फळीवर मांडून ठेवलेलं : गूळ पावडर, ब्राउन शुगर, खांडसारी, डेमेरारा, खजुराचं सिरप, नारळाची साखर. म्हणजे बघा, ज्या गावात साखरेची पोती कारखान्यातून थेट बाहेर पडतात, त्या गावात साखर सहा वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेली! किराणा दुकानात साखर पंचेचाळीसच्या आसपास किलो. इथे गूळ पावडरचं अर्ध्या किलोचं पाकीट एकशे चाळीसला. हिंमत लागते राव.

काउंटरवरचे गृहस्थ भलतेच प्रेमळ. ‘‘मॅडम, सगळं केमिकल फ्री. डायबेटिसला पण चालतं.’’

हे जे ‘चालतं’ आहे ना, त्याच्यावर मला आज बोलायचंय. मराठीतला सगळ्यात महागडा शब्द आहे हा. ‘उत्तम आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘औषध आहे’ असं तर मुळीच नाही, कायद्यात अडकायला होतं. पण ‘चालतं’! यात दावा काहीच नाही आणि परवानगी मात्र पूर्ण. उपासाला साबुदाणा चालतो, तसा डायबेटिसला गूळ चालतो. कुठे लिहिलंय? पाकिटावर नाही. कुणी सांगितलं? दुकानदारानं. त्याला? डिस्ट्रिब्युटरनं.

आत्याचं असंच झालं. तिला डायबेटिस होऊन बरीच वर्षं झाली. शिस्तीची बाई. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून साखर बंद, चहा कोरा नाही पण फिका. दहा वर्षं तिनं तो फिका चहा तोंड वाकडं न करता प्यायला. मग गेल्या वर्षी अशाच एका दुकानातून कोणीतरी तिला गूळ पावडर आणून दिली. ‘चालतं’ या सर्टिफिकेटसकट. आत्याचा फोन आला तेव्हा ती इतकी खूश होती! ‘‘अगं, दहा वर्षांनी चहा चहासारखा लागला बघ.’’ काय बोलणार यावर? साठीपुढच्या बाईला एवढं सुख मिळत असेल तर कुणाला वाईट वाटेल?

दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे. सकाळी गूळ-पाणी वेगळं, कारण ‘लोह मिळतं’. शिवाय गुळाचे म्हणून दाण्याचे लाडू, तेही ‘चालतात’. गोळ्या त्याच, चालणं तेवढंच, शेतावरच्या फेऱ्या तेवढ्याच. चार महिन्यांनी तपासणी केली तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती टेस्ट असते ना, एचबीएवनसी, ती सात पॉइंट दोनवरून नऊ पॉइंट सहावर. पायाला मुंग्या येत होत्या, त्या वयानं येतायत असं तिनं ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘साखर खाताय का?’’ आत्या म्हणाली, ‘‘नाही.’’ आणि ती खोटं बोलत नव्हती, हेच तर खरं दुखणं आहे! तिच्या हिशेबानं तिनं साखरेचा कणसुद्धा तोंडात टाकला नव्हता.

आता जरा शाळेतलं गणित. शंभर ग्रॅम साखर म्हणजे साधारण ४०० कॅलरीज. शंभर ग्रॅम गूळ म्हणजे ३५० ते ३८०. संपला फरक! गुळातही ऐंशी ते नव्वद टक्के साखरच असते. बहुतेक सुक्रोज, म्हणजे साखरेच्या डब्यातली तीच, शिवाय थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. उरलं ते पाणी आणि थोडी खनिजं. गुळानं रक्तातली साखर सावकाश वाढते ही सरळ सरळ अफवा आहे. चहात विरघळलेला गूळ साखरेइतक्याच तडफेनं रक्तात पोचतो.

‘पण लोह?’ हा प्रश्न येणारच. येऊ द्या. चहातल्या दोन चमचे, म्हणजे दहाएक ग्रॅम गुळातून मिळणारं लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, म्हणजे एनआयएनच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम. म्हणजे गुळातून लोह भागवायचं तर रोज अर्ध्या किलोहून जास्त गूळ खावा लागेल. हिमोग्लोबिनचा प्रश्न सुटेल कदाचित, पण तोवर बाकीचे इतके प्रश्न तयार झालेले असतील की त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगून ठेवलंय : वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरीजच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अजून बरं. दोन हजार कॅलरीजच्या माणसाला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमचे. हे धडधाकट माणसासाठी. आत्या नुसत्या चहातून दहा चमच्यांवर होती. आणि ती एकटी नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीनं देशात डायबेटिसची दहा कोटी दहा लाख माणसं असल्याचा अंदाज दिला, उंबरठ्यावरची आणखी साडेतेरा कोटी. ‘चालतं’ला एवढं मोठं मार्केट आहे!

बरं, मग तो ‘केमिकल फ्री’चा काय फंडा आहे, ते बघायला मी एका गुऱ्हाळावर गेले. इंदापूरच्या बाजूला, रस्त्यापासून जरा आत. गुऱ्हाळ हा काय भन्नाट प्रकार असतो, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हिवाळ्यात एक रविवार काढाच. चरकातून रस येतो, मोठ्या काहिलीत उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं जळत असतात. जळव्या जाळ सांभाळतो, गुळव्या रस सांभाळतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि थोडा चुना घातला की मळी वर येते, ती काढत राहायची. कधी उतरवायचं हे गुळव्याच्या नजरेवर. थर्मामीटरबिर्मामीटर काही नाही. वास तर असा की डाएट गेलं खड्ड्यात.

मी विचारलं, ‘‘काका, बाजारातला गूळ इतका पिवळाधमक कसा हो?’’

‘‘पावडर मारल्याशिवाय व्हतोय व्हय? इथं रानं खारवटल्यात. या उसाचा गूळ काळपटच उतरायचा.’’

पावडर म्हणजे हायड्रोस. सोडियम हायड्रोसल्फाइट. गंधकाचं एक संयुग, रंग उडवायला वापरतात. आणि आता गंमत बघा. पांढऱ्या साखरेला आपण ज्या ‘केमिकल’साठी शिव्या देतो, ते काय असतं? गंधकच! आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात. म्हणजे गंधकाला घाबरून साखर सोडली आणि गंधकानंच उजळलेला गूळ दामदुप्पट भावानं घरी आणला. बारामतीच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी बेसुमार पाजून जमिनी क्षारपड झाल्या, त्यातून गुळाचा रंग गडद येतो, आणि मग तो रंग उडवायचा. तुम्ही-आम्ही पिवळाच मागतो म्हणून.

‘‘काळा आडतीला नेला की भाव पाडत्यात,’’ काका म्हणाले. ‘‘पिवळा नेला की बोली चढती. आता तुम्ही पुण्याची माणसं येता, तुम्हास्नी काळाच पायजे. मग तुमच्यासाठी काळा. जसं गिऱ्हाईक तसा रंग.’’

मला हे काका एकदम पटले. कुठल्याही एमबीएवाल्यानं मार्केट सेगमेंटेशन इतकं थोडक्यात शिकवलं नव्हतं.

पण म्हणून काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ हे समीकरणही पक्कं नाही, ते का ते सांगते. गुळाला भाव आला आणि साखर स्वस्त असली की रसात सरळ साखर ओततात. उतारा वाढतो, कणी छान पडते. पुणे जिल्ह्यात, खासकरून शेजारच्या दौंडच्या पट्ट्यात, अन्न व औषध प्रशासनानं गुऱ्हाळांवर छापे घालून साखर मिसळलेला गूळ जप्त केल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येऊन गेल्या. म्हणजे साखर नको म्हणून गूळ घ्यायचा, आणि गुळात साखर! सगळी गुऱ्हाळं अशी नाहीत. भेंडी आणि चुन्यावरच गूळ करणारी प्रामाणिक माणसं आहेत, त्यांचा गूळ चवीला अप्रतिम असतो आणि त्याचे दोन पैसे जास्त द्यायला माझी अजिबात ना नाही. पण ते पैसे चवीचे द्यायचे. सगळ्यात प्रामाणिक गुऱ्हाळाचा, सगळ्यात शुद्ध, सगळ्यात ऑरगॅनिक गूळसुद्धा शरीराला साखर म्हणूनच कळतो. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द ऊस कसा पिकवला ते सांगतो. तो रक्तात गेल्यावर काय करणार, याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. (आणि पाकीटबंद मालावर ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर त्यावर ‘जैविक भारत’चा लोगो असायला हवा, २०१७चा नियम आहे. स्वतः थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे, एसी दुकानातल्या ब्रँडला नाही.)

चला, परत भिगवण रोडच्या दुकानात. गुळाच्या फळीखाली बिस्किटांची फळी होती. एका पाकिटावर समोर मोठ्ठं ‘नाचणी कुकीज’, नाचणीच्या कणसाचं चित्र, आणि खाली ‘नो रिफाइंड शुगर’. मी पाकीट उलटं केलं. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, सगळ्यात जास्त असेल ते पहिलं. आणि ज्या घटकाचा समोर गाजावाजा केलाय त्याची टक्केवारी द्यावी लागते. तर पहिला नंबर मैदा. फक्त तिथे मैदा असं सुटसुटीत लिहिलेलं नसतं, ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असतं, म्हणजे वाचणाऱ्याला गहू दिसावा. दुसरा नंबर गूळ. तिसरं पाम तेल. नाचणी चौथी. सात टक्के! शंभर ग्रॅममध्ये सात ग्रॅम नाचणी, आणि नाव नाचणीचं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत लांबच्या काकांचं नाव सगळ्यात वर छापतात, तसं.

‘नो रिफाइंड शुगर’ची चलाखी तर दाद देण्यासारखी. कायद्यात ‘नो ॲडेड शुगर’ असं म्हणायला कडक अटी आहेत. साखरेऐवजी फळांच्या रसाचा अर्क घातला तरी ते म्हणता येत नाही. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. मग या दोन्ही शब्दांना वळसा घालून तिसराच शब्द आणायचा. रिफाइंड नाही म्हणालो, साखर नाही असं कुठे म्हणालो? एनआयएननं मे २०२४ मध्ये काढलेल्या आहाराच्या गाइडलाइन्समध्ये नेमकं हेच बजावलंय : ‘शुगर फ्री’ पदार्थात मैदा आणि चरबी ठासून भरलेली असू शकते, ‘होल ग्रेन’ शब्दानं फसू नका, आणि ‘रिअल फ्रूट’वाल्या ज्यूसमध्ये फळ दहा टक्के असलं तरी चालतं. बघा, इथेही ‘चालतं’च!

त्याच फळीवर शुगर फ्री काजूकतली होती. त्यात खरंच साखर नव्हती. माल्टिटोल होतं. साखरेचीच बहीण म्हणा, जरा सौम्य स्वभावाची. कॅलरीज कमी, पण शून्य नाही, आणि रक्तातली साखर तीही वाढवते, हळू इतकंच. बारीक अक्षरात लिहिलेलं की जास्त खाल्लं तर पोट बिघडू शकतं. ही सूचना कंपनीनं प्रेमापोटी छापलेली नसते, छापावीच लागते. दिवाळीत आपण शुगर फ्रीचा बॉक्स उघडतो, एकाऐवजी चार खातो, कारण ‘चालतं’. रात्री मग आपणच पळतो.

बारामतीचा विषय निघालाच आहे तर एक मजेदार गोष्ट सांगते. बारामती एमआयडीसीत फरेरो या इटालियन कंपनीची फॅक्टरी आहे, किंडर जॉय आणि टिकटॅक तिथे बनतं. टिकटॅक हे काही हेल्थ फूड नव्हे, कंपनीही तसं म्हणत नाही. पण आकड्यांचा खेळ समजून घ्यायला याच्याइतकं छान उदाहरण नाही. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर लेबलवर शून्य छापता येतं. टिकटॅकची एक गोळी ०.४९ ग्रॅमची, आणि सर्व्हिंग म्हणजे एक गोळी. म्हणून जवळपास सगळी साखरेचीच असलेली गोळी, आणि लेबलवर साखर शून्य! पूर्ण कायदेशीर. आपल्याकडे सुदैवानं शंभर ग्रॅमचा हिशेब देण्याची पद्धत आहे. तेव्हा सर्व्हिंगचा रकाना सोडायचा, त्यात कंपनी ठरवेल तेवढीच बिस्किटं बसतात. शंभर ग्रॅमचा रकाना गाठायचा. त्यात साखरेपुढे पाचपेक्षा मोठा आकडा असेल तर ते पाकीट ‘लो शुगर’ नाही, पुढे कितीही पानं काढलेली असोत. आणि घटकांच्या यादीत माल्टोडेक्सट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, खजुराचं सिरप असं काही दिसलं, तर सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत असं समजा. एकाच पाकिटात तीन-तीन असतात. वेगवेगळी लिहिली की एकटी साखर पहिल्या नंबरवर येत नाही ना!

तुम्ही म्हणाल, सरकार काय करतं? करतं, पण कासवाच्या गतीनं. ‘हेल्थ ड्रिंक’ हा शब्द घ्या. आपण लहानपणापासून दुधात घालून पीत आलो. २०२३ मध्ये एका तरुणानं बॉर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, कंपनीनं त्याला नोटीस पाठवली, तो व्हिडिओ त्यानं काढला, पण तोवर बोभाटा झाला होता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढा. कारण काय दिलं? तर अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही! इतकी वर्षं आपण पीत होतो ते कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. हेल्थ फूड स्टोअरमधल्या ‘हेल्थ’चंही तसंच. ते फळीचं नाव आहे.

त्याहून गंभीर प्रकरण ओआरएसचं. जुलाब झालेल्या लेकराला वाचवणारं ते साधं मीठ-साखर पाणी. त्याच तीन अक्षरांखाली गोड, फळांच्या चवीची पेयं मेडिकलच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकली गेली. त्यात साखर ओआरएसच्या कितीतरी पट, आणि जुलाबात जास्त साखर पोटात गेली की पाणी आणखीनच बाहेर पडतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या एका बाईनं यासाठी आठेक वर्षं झुंज दिली, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं हा शब्द अशा पेयांवर वापरायला बंदी घातली. आठ वर्षं, तीन अक्षरांसाठी!

मधाचं तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०२०, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तेरा ब्रँडचे नमुने जर्मनीतल्या लॅबपर्यंत पाठवले, सगळ्या कसोट्यांत फक्त तीन उतरले. कंपन्यांनी अर्थातच हे फेटाळलं. आणि जिमवाल्या बंधूंनो, हसू नका. तुमच्या डब्यांवर २०२४ मध्ये एक अभ्यास आला. भारतात मिळणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट्स तपासली, त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांत प्रोटीनचा आकडा लेबलपेक्षा वेगळा निघाला, काहींत तर निम्माच. थोड्या डब्यांत बुरशीचं विषही सापडलं. शेंगदाणे आणि अंडी यांच्यावर अजून कुणाला लेबल लावता आलेलं नाही, एवढीच काय ती चांगली बातमी.

दुकानातून निघताना मी काहीच घेतलं नाही. जरा लाजच वाटली, कारण गृहस्थांनी पाणी विचारलं होतं, खुर्ची दिली होती. तेवढ्यात शेजारच्या टपरीवरून त्यांचा चहा आला. पोऱ्या म्हणाला, ‘‘काका, तुमचा बिगरसाखरेचा.’’

मी म्हटलं, ‘‘अहो, त्यात तुमची गूळ पावडर नाही घालत?’’

‘‘छे छे,’’ ते म्हणाले, ‘‘मला शुगर आहे ना!’’

हसले ते, आणि मग स्वतःच थोडे गप्प झाले. वाईट माणूस नाही हो. त्यांना खरंच वाटत असणार की गिऱ्हाइकाला चालतं. फक्त स्वतःवर प्रयोग करावासा वाटत नाही, इतकंच. पुढच्या वेळी कुणी ‘चालतं’ म्हणालं तर मी त्याच्या कपात डोकावणार आहे.

आत्याच्या गोळ्या वाढल्या. एक नवीन आली, ती महाग आहे. पायाच्या मुंग्या कमी झाल्यात, पूर्ण गेलेल्या नाहीत. चहा परत फिका. सुरुवातीचा आठवडा तिला फार जड गेला. दहा वर्षांपूर्वी सोडताना गेला नव्हता इतका, असं म्हणाली. होळीला अर्धी पोळी खाते, ती गुळाची, साजूक तूप घालून आणि ‘ही गोड आहे’ असं स्वतःला सांगून. लाडू बंद. घरात गूळ पावडरची न फोडलेली दोन पाकिटं उरली होती. परत करायला दुकान लांब, टाकून द्यायला जीव होईना. शेवटी तिनं ती थोडी थोडी करून गाईच्या आंबोणात घातली. दोनशे ऐंशी रुपयांचं आंबोण! गाय जाम खूश होती म्हणे.